काकूबाई दिसण्याची भीती

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. बार्शीच्या शाळेतून दहावी होऊन यंदा अकरावीसाठी पुण्यात मावशीकडे राहायला आले आहे. शाळेत गणवेश होता, त्यामुळे रोज काय घालायचे हा प्रश्न कधी पडलाच नाही. इथे कॉलेजात गणवेश नाही आणि वर्गातल्या मुली रोज काहीतरी वेगळे घालून येतात. पहिल्याच आठवड्यात माझ्या कुर्ता-लेगिंग्जकडे पाहून एकीने मला ‘काकूबाई’ म्हटले. तेव्हापासून मी बॅगी जीन्स, क्रॉप टॉप, कार्गो पँट, एक को-ऑर्ड सेट असे बरेच काही घेतले. पण घरी आणल्यावर त्यातले काहीच मला माझे वाटत नाही आणि तोवर रीलवर नवीनच काहीतरी सुरू झालेले असते. आई फोनवर म्हणते, ‘शिकायला गेली आहेस, मिरवायला नाही.’ दिवाळीच्या कपड्यांसाठी ती तीन हजार रुपये देणार आहे. ते कसे खर्च करू? स्वतःची स्टाइल म्हणजे नेमके काय, आणि ती मला कशी सापडेल?
— एक बार्शीकर, पुणे

प्रिय बार्शीकर,

कपड्यांचा विचार करणारी मुलगी अभ्यासाकडे दुर्लक्ष करते, हा हिशेब मला मान्य नाही, त्यामुळे तो आधीच बाजूला ठेवते. इतकी वर्षे सकाळी उठल्यावर तुझ्यासमोर एकच ठरलेला पोशाख होता. त्याचा रंग, कापड, लांबी यांपैकी काहीही तू ठरवलेले नव्हते. आता अचानक, नवे शहर, नवे घर आणि नवा वर्ग यांच्या गर्दीत, ते सगळे तुलाच ठरवावे लागत आहे, आणि तेही ज्यांना तू अजून नीट ओळखत नाहीस अशा मुलामुलींसमोर. यात गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. (तुझ्याच जिल्ह्याचे सोलापूर शहर शालेय गणवेशांच्या शिलाईसाठी देशभर ओळखले जाते, तेव्हा गणवेशाच्या मायेतून बाहेर पडणे तुला इतरांपेक्षा थोडे जड गेले, तर त्याला परंपरेचाही आधार आहे!)

आता त्या ‘काकूबाई’कडे वळू. हा शब्द लागतो, कारण तो कपड्यांविषयी बोलत असल्याचे दाखवून माणसालाच जुनाट ठरवतो. पण तो बोलून गेलेल्या मुलीला तो आज आठवत असेल का, याविषयी मला दाट शंका आहे. किशोरवयात आपल्याला सतत कुणीतरी पाहत आहे असे वाटते. डेव्हिड एल्किंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली या अवस्थेचे वर्णन करताना ‘काल्पनिक प्रेक्षकां’ची कल्पना मांडली. पुढे अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग केला, जो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने असा टी-शर्ट घालून फिरणे म्हणजे ओशाळवाणी गोष्ट होती. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले आणि थोड्या वेळाने बाहेर बोलावून विचारले, की आतल्या किती जणांनी टी-शर्टवरचे चित्र ओळखले असेल. घालणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे निम्म्या जणांनी. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव जणांच्या लक्षात आले होते. तुझा कुर्ता एका मुलीने पाहिला आणि बोलून दाखवले हे खरे आहे, पण बाकीचा सगळा वर्ग त्या वेळी बहुधा आपापल्या केसांची, पिंपलची आणि बुटांची काळजी करत असावा.

तरीही इतरांसारखे दिसावेसे वाटणे हा काही दोष नाही. नव्या गटात सामावून जाण्याचा तो सर्वांत जुना आणि सोपा मार्ग आहे, आणि तुझी आईही तिच्या कॉलेजच्या दिवसांत त्याच मार्गाने गेली असणार. फरक पडला आहे तो वेगात. तिच्या काळी एखादी पद्धत चित्रपटातून यायची, तिच्यासारखे कापड लक्ष्मी रोडवर दिसायचे, मग टेलर ती शिकायचे आणि बार्शीपर्यंत पोहोचता पोहोचता वर्ष उलटायचे. पण एकदा आली की ती दोन-तीन दिवाळ्या टिकायची. २०२० च्या जूनअखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील सुरू केले. तेव्हापासून नवे कपडे दाखवणे हेच ज्यांचे काम आहे, अशा माणसांची एक मोठी फळी रोज तुझ्या हातातल्या फोनमध्ये हजर असते. त्यांना दर आठवड्याला काहीतरी नवे दाखवावेच लागते, नाहीतर त्यांचे काम चालत नाही. म्हणूनच ‘क्लीन गर्ल’, ‘ओल्ड मनी’, अमुककोअर, तमुककोअर अशी फॅशनच्या लाटांची नावे उगवतात आणि मावळतात. या नावांचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण त्यांत कपड्यांपेक्षा एक अख्खे तयार व्यक्तिमत्त्व विकायला ठेवलेले असते.

शिवाय रीलमधले कपडे पंधरा-वीस सेकंद, उभ्या माणसावर, बहुधा समोरून आणि चांगल्या उजेडात दिसतात. त्या मुलीला तो टॉप घालून पीएमपी बसच्या गर्दीत वरचा दांडा धरून उभे राहायचे नसते, सलग तीन तास बाकावर बसायचे नसते, प्रॅक्टिकलला ॲसिडची बाटली हाताळायची नसते आणि संध्याकाळी तोच टॉप बादलीत भिजवायचाही नसतो. तुला हे सगळे करायचे आहे. घरी आणल्यावर कपडे ‘माझे वाटत नाहीत’ असे तू लिहिलेस, त्याचे कारण मला इथे दिसते. ते तुझ्या दिवसासाठी निवडलेलेच नव्हते.

स्वतःची स्टाइल म्हणजे काय, हे मी एका जुन्या उदाहरणाने सांगते. तुझ्या आजीला ‘साधना कट’ विचार. तिचा चेहरा उजळेल. अभिनेत्री साधना हिचे कपाळ रुंद होते आणि १९६० साली आलेल्या तिच्या चित्रपटाच्या वेळी ते पडद्यावर खटकू नये म्हणून काहीतरी करणे भाग होते. तेव्हा ऑड्री हेपबर्न या हॉलिवूडच्या नटीच्या धर्तीवर तिच्या कपाळावर बटा कापल्या गेल्या. त्या तिला इतक्या शोभल्या की पुढची कितीतरी वर्षे देशभरच्या मुली, कपाळ रुंद असो वा अरुंद, तशाच बटा कापून घेत राहिल्या. यात माझ्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत. साधनाने नक्कलच केली होती, पण ती तिच्या स्वतःच्या अडचणीवरचा उपाय म्हणून केलेली होती, आणि म्हणून ती तिची झाली. बाकीच्यांनी उपाय घेतला, पण त्यांच्याकडे ती अडचणच नव्हती. कपड्यांचेही असेच असते. जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट १८७३ साली अमेरिकेत घेतले गेले, ते कष्टाची कामे करणाऱ्यांचे खिसे फाटत होते म्हणून. कार्गो पँटचे मांडीवरचे मोठे खिसे सैनिकांच्या सोयीसाठी आले. तुझ्या कार्गोच्या खिशांत तू काय ठेवतेस? फोन, बसचा पास, रुमाल ठेवत असशील तर ती पँट तुझी आहे, आणि ते खिसे रिकामेच राहत असतील तर तिच्यावरचा जीव थोडा कमी कर.

तेव्हा या रविवारी एक काम कर. तुझे सगळे कपडे, बार्शीहून आणलेले आणि इथे घेतलेले, पलंगावर काढून ठेव आणि त्यातले तू मागच्या महिन्यात पुन्हा पुन्हा घातलेले कोणते ते वेगळे कर. आवडतात कोणते, ते सध्या विचारू नकोस. हात आपोआप कुठे गेला तेवढेच पाहा. मग त्या चार-पाच कपड्यांत समान काय आहे ते लिहून काढ. कदाचित ते सगळे सुती असतील, कदाचित सगळ्यांना खिसा असेल, कदाचित गळा फार मोठा नसल्यामुळे वाकताना सांभाळावे लागत नसेल, कदाचित सगळ्यांत निळा रंग असेल. ही यादी हीच तुझ्या स्टाइलची सुरुवात आहे. तिला नाव नसेल, पण ती खरी असेल. मला तर अशी दाट शंका आहे की ज्या कुर्त्यावरून तुला काकूबाई म्हटले गेले, तोही या ढिगात असेल. तो असेल तर त्याच्याखालची लेगिंग्ज तेवढी बदलून पाहा. तोच कुर्ता सरळ, मोकळ्या जीन्सवर घातला आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, की तो वेगळा दिसतो आणि तू मात्र तूच राहतेस.

ज्या कपड्यांना तू हातच लावला नाहीस, ते लगेच टाकू नकोस. त्यातले बरेचसे केवळ मापात चुकलेले असतात, आणि मापाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मुली याचा दोष नेहमी स्वतःच्या शरीराला देतात. एका कंपनीचा ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढा असतो, कारण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांची मापे बरीचशी ब्रिटिश आणि अमेरिकी तक्त्यांवरून आलेली आहेत. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता करण्यासाठी ‘निफ्ट’ या फॅशनचे शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला, ज्यात सहा शहरांतल्या २५ हजारांहून अधिक लोकांची मापे घ्यायचे ठरले होते. अशा प्रकल्पाची गरज पडावी यातच सगळे आले. तेव्हा लेबलवरचे अक्षर विसर आणि खांद्याची शिवण पाहा. मापाच्या कपड्यात ती खांद्याच्या हाडाशी संपते. मुद्दाम सैल शिवलेल्या टी-शर्टमध्ये ती खाली उतरते, पण तरी गळा आणि बाही जागेवर असतात. गळाही ओघळत असेल तर तो कपडा ओव्हरसाइज नसून नुसता मोठा आहे. बॅगी जीन्सची कंबर ढिली आणि पायांचा घोळ रस्ता झाडणारा असेल, तर पट्ट्याने आवळून तिचे काही भले होत नाही.

यावर उपाय मावशीच्या गल्लीतच असेल. टेलरकडे जाणे हे तुझ्या वर्गात जुनाट समजले जात असेल तरी कंबर दाबणे, पाय आखूड करणे, बाजूने टीप मारणे या कामांना नव्या कपड्याच्या तुलनेत फारच थोडे पैसे पडतात आणि कपडा खऱ्या अर्थाने तुझा होतो. जाताना त्या जीन्सवर घालायचे बूट किंवा चप्पल पायात असू दे, म्हणजे लांबी बरोबर घेतली जाईल. नवे काही शिवून घेशील तेव्हा आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायला आवर्जून सांग, कारण तुझे वय वाढीचे आहे आणि पुढच्या वर्षी तोच कुर्ता उसवून सैल करता येईल. सुती कापड मीटरवर घेतलेस तर शिवायला टाकण्यापूर्वी एकदा पाण्यात भिजवून वाळव, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते.

तीन हजार रुपयांचे काय करायचे, याचे उत्तर मी जरा रोखठोक देते. हे पैसे दिवाळीच्या एका दिवसासाठी नाहीत असे समज. साडेतीनशे रुपयांचा टॉप दोनदा घालून कोपऱ्यात पडला, तर प्रत्येक वेळचे १७५ रुपये झाले. बाराशेची जीन्स साठ वेळा घातलीस तर प्रत्येक वेळी २० रुपये पडतात. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की ‘स्वस्त’ या शब्दाकडे तू निराळ्या नजरेने पाहशील. मी तुझ्या जागी असते तर बाराशे-तेराशेची एक चांगल्या जाड डेनिमची, गडद रंगाची सरळ जीन्स घेतली असती, कारण ती बॅगीची लाट ओसरल्यावरही चालेल. उरलेल्यातून एखादा मोकळा सुती शर्ट आणि कटपीसच्या दुकानातून एका कुर्त्याचे कापड घेतले असते. चारशे रुपये टेलरसाठी वेगळे काढले असते आणि पाचशे तसेच ठेवून दिले असते, कारण डिसेंबर-जानेवारीत सेल लागतात आणि तोपर्यंत आपल्याला खरोखर काय कमी आहे ते कळलेले असते. रीलवरचे काही फारच आवडले तर त्याचा स्क्रीनशॉट ठेव आणि तीन आठवडे थांब. तरीही हवेसे वाटले आणि तुझ्याकडच्या निदान तीन कपड्यांबरोबर ते जाणार असेल, तर खुशाल घे. तुळशीबागेत किंवा हाँगकाँग लेनमध्ये मैत्रिणींबरोबर फिरून एखादे कानातले, एखादा स्कार्फ घेऊन हौस भागवणे हा तर प्रयोगाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, आणि या वयात प्रयोग करायलाच हवेत. ऑनलाइन घेताना मात्र कापड कोणते ते वाचूनच घे. पॉलिस्टर फोटोत सुंदर पडते आणि एप्रिलमध्ये, बार्शीच्या उन्हात, अंगावर नकोसे होते.

फार स्वस्त कपडा इतका स्वस्त कसा, हा प्रश्न कधीतरी मनात यावा असे मला वाटते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक परदेशी कंपन्यांचे कपडे शिवणारे कामगार होते. याचे ओझे तीन हजारांत दिवाळी बसवणाऱ्या मुलीच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण आहे ते जास्त दिवस वापरण्यात कंजूषपणा नाही, एवढे तरी यावरून तुला पटावे.

‘गावाकडचे’ म्हणून तू जे बार्शीत ठेवून आलीस, त्याविषयीही थोडे लिहिते. २०२५ च्या जूनमध्ये मिलान इथल्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पायांत ज्या चपला घातल्या, त्या हुबेहूब कोल्हापुरीसारख्या होत्या. सुरुवातीला कंपनीने कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. इथे ओरड झाल्यावर तिने ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे तीच चपल वर्गातल्या बाकाखाली गावठी आणि मिलानच्या रॅम्पवर किमती ठरते. यात चपलेचा काहीच गुण-दोष नाही, पाहणाऱ्यांचा आहे. पण म्हणून उद्यापासून अभिमान दाखवण्यासाठी कोल्हापुरी घालून कॉलेजला जा, असे मी सांगणार नाही. कुणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी घातलेला कपडा हा सुद्धा दुसऱ्यासाठीच घातलेला असतो. शिवाय पावसाळ्यात ते चामडे भिजून खराब होईल ते वेगळेच. आईच्या कपाटात न शिवलेले खण पडून असतील, तर मात्र ते जरूर मागून घे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येणारे हे कापड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चोळीसाठी वापरले गेले. त्याचे बिनबाह्यांचे छोटे जाकीट साध्या पांढऱ्या कुर्त्यावर फार सुरेख दिसते आणि वर्गात तसे दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता कमी आहे.

वर्गातल्या मैत्रिणींपैकी कुणी सहज चेष्टा करत असेल तर हसून सोडून दे. अमुक घातले नाहीस तर आमच्याबरोबर फोटोत येऊ नकोस, असे कुणी म्हणत असेल तर ती मैत्री कपड्यांनी टिकणार नाही, आणि ती टिकवण्यासाठी आईचे पैसे घालू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट मला विचारायची आहे, जी तुझ्या पत्रात नाही. कपडे अंगावर बरे दिसत नाहीत म्हणून तू जेवण टाळत असशील, आरशासमोरून हलवत नसेल किंवा कॉलेजला जायलाच नको वाटत असेल, तर तो प्रश्न कपड्यांचा राहिलेला नाही. मावशीशी बोल, कॉलेजच्या समुपदेशकांना भेट, किंवा ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन कर. तिथे मराठीतही बोलता येते.

राहता राहिली आई. ‘मिरवायला नाही’ या तिच्या वाक्यात मला तीन निरनिराळ्या काळज्या ऐकू येतात : पैसे संपतील ही, मुलगी परक्या शहरात बदलेल ही, आणि लोक काय म्हणतील ही. पहिलीचे उत्तर तुझ्याकडे लगेच आहे. इथे आल्यापासून कपड्यांवर किती खर्च झाला आणि त्यातले तू किती वापरतेस, हे तिने विचारण्याआधी तूच तिला सांग. पोर हिशेब ठेवते हे कळले की निम्मा राग जातो. दुसरीसाठी तिला खरेदीत सामील करून घे. दुकानातून फोटो पाठव, तिचे मत विचार, आणि कापडाच्या बाबतीत तरी ते मान, कारण पोत हाताने ओळखणे तिला तुझ्यापेक्षा चांगले येते. तिसऱ्या काळजीवर तुमचे दोघींचे लगेच एकमत होणार नाही. क्रॉप टॉपवरून वाद असेल तर तो फोनवर घालू नकोस, फोनवर आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो. दिवाळीला घरी जाशील तेव्हा तो टॉप उंच कंबरेच्या जीन्सवर आणि वर उघडा शर्ट घालून तिला प्रत्यक्ष दाखव. तिला तरीही पटले नाही, तर बार्शीत तो घालू नकोस आणि पुण्यात कधी घालतेस हे तिच्यापासून लपवू नकोस. मावशी तिच्याच घरातली आहे, तेव्हा लपवलेले फार दिवस लपणारही नाही. आणि ती पैसे पाठवील त्याच दिवशी खर्चाची यादी करून तिला पाठव, टेलरचे चारशे त्यात वेगळे दाखवून.